खाजणातल्या बारा कुप्या

१

रविवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टर कल्पिता गायकर यांनी मोठा फ्रीझर उघडला, तेव्हा वरच्या खणातला पांढरा डबा जागेवर नव्हता. कुलूप शाबूत होतं. बाकीचे डबे जिथल्या तिथे होते. तेवढा एकच नव्हता.

"दत्ताकाका, तुम्ही हलवलात का?"

"मी कशाला हलवीन, मॅडम?"

चाळीस वर्षं मी थंडाव्याची यंत्रं सांभाळतोय. आतल्या मालाला हात लावायची मला सवय नाही.

आगरदांड्याच्या जेट्टीजवळ हा पूर्वी बर्फाचा कारखाना होता आणि मी तिथला मेकॅनिक. कारखाना बंद पडला. दोन वर्षांपूर्वी कल्पिता मॅडम मुंबईतल्या विद्यापीठातून बिनपगारी रजा घेऊन आल्या, इमारत भाड्यानं घेतली आणि कंपनी काढली. प्राध्यापक लोक हल्ली असं करतात म्हणे. त्यांना फ्रीझर आणि जनरेटर बघायला माणूस हवा होता. मी होतोच.

त्या डब्यात बारा कुप्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांत एक जिवाणू. भाताच्या मुळाशी तो असला, की शेतात खारं पाणी शिरलं तरी भात जळत नाही. तो आमच्याच शेताच्या तुकड्यातला. बांध फुटून उधाणाचं पाणी खाजणात, खाडीकाठच्या भातजमिनीत, शिरलं त्या वर्षी सगळ्यांचा भात पिवळा पडला, आमचा एक कोपरा हिरवा राहिला. माझ्या बायकोनं, सगुणानं, तिथली माती पिशवीत भरून मॅडमना नेऊन दिली. पुढं त्या जागेवर भराव पडला. आता तिथं गाड्या उभ्या राहतात. सगुणा आठ महिन्यांपूर्वी गेली. त्या मातीतलं जे काही उरलं होतं ते त्या डब्यात होतं, आणि सोमवारी एका बियाणे कंपनीची माणसं ते बघायला येणार होती. त्यांना पटलं तर याच हंगामात शेतात प्रयोग.

कमलेश भानुशाली धावत आला. हा मॅडमचा जुना विद्यार्थी, आता कंपनीत भागीदार. डॉक्टरेट मिळवलेला शास्त्रज्ञ आहे, पण बोलतो दुकानदारासारखं.

"चावी कोणाकडे असते? प्राप्तीकडे. खतम. इसमें सोचनेका क्या है?"

"एक माझ्याकडेही असते, कमलेश," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही तुमचाच डबा चोरणार काय, मॅडम?" त्यानं घड्याळात बघितलं. "पाचपर्यंत डबा समोर आला नाही, तर मी मुरूडला पोलीस स्टेशनला चाललो. प्राप्तीचं नाव लिहून देतो."

प्राप्ती दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

२

प्राप्ती आमच्या गावची सून. बी.एस्सी. झालेली, एका मुलीची आई. प्रयोगशाळेतलं निम्मं काम तिच्या हातचं. तिचा सासरा भागोजी भातशेती करणारा माणूस, डोक्यानं कडक. सुनेनं बाहेर काम करायला त्याचा विरोध होता. सगुणा त्याच्याकडे तीनदा गेली तेव्हा तो कबूल झाला, तेही एका अटीवर. "वैनी, तुमच्या शब्दावर धाडतो. पन उद्या एक बोल जरी हिच्या नावावर आला, तर घरात बसंल. मग मला सांगायला यायचा न्हाय."

सगुणा आता शब्द पाळायला नाही. म्हणजे तो माझ्यावर आला.

कमलेशनं प्राप्तीला पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, मुलीची क्रेयॉनची पेटी. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. एवढ्या शिकलेल्या बाईला "थांब" म्हणता येऊ नये, याचा मला फार राग आला.

"शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मी डबा आत ठेवला," प्राप्ती म्हणाली. "मॅडम बाजूला उभ्या होत्या. कुलूप लावलं. त्यानंतर फ्रीझर उघडलाच नाही मी. देवाशप्पथ."

"देवाला कशाला मध्ये आणते? साइंटिफिक बोल ना," कमलेश म्हणाला.

तेवढ्यात शिवदास सर आले. सर म्हणजे मॅडमचे गुरू. सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त. सध्या खाडीपलीकडे दिघीला बहिणीकडे उतरले होते आणि फेरीबोटीनं सल्ला द्यायला येत. अंगात पांढरा सदरा. आदल्या दिवशी जेट्टीवर सुरमई घेतो म्हणून आपल्या रुंद तोंडाच्या थर्माससाठी त्यांनी माझ्याकडून बर्फ आणि ओंजळभर खडे मीठ घेतलं होतं. झाला प्रकार ऐकून ते खुर्चीत बसले.

"अरेरे," ते म्हणाले. "कल्पिता, दोन वर्षांची मेहनत. आता उद्याच्या लोकांना येऊ नका म्हणून कळव. दुसरं काय करणार?"

मला एकदम आठवलं आणि मी म्हणालो, "थांबा. फ्रीझर कधी उघडला ते आपल्याला कळू शकतं."

फ्रीझरच्या बाजूला एक यंत्र आहे. त्यात थाळीएवढा गोल कागद असतो. तो घड्याळासारखा हळू फिरतो, आठवड्यात एक फेरी, आणि त्यावर एक पेन आतलं तापमान लिहीत जातं. दार उघडलं की गरम हवा शिरते आणि रेघेला उंचवटा येतो. दर सोमवारी कागद मीच बदलतो. मला वाटलं, यानं प्राप्ती सुटेल.

मी कागद काढला आणि टेबलावर ठेवला. शुक्रवारी दोन उंचवटे होते, माझा आणि प्राप्तीचा. शेवटचा रविवारचा, तो आमचाच. मध्ये फक्त एक होता. शनिवार, सकाळी आठ.

"शनिवारी आठला इकडे कोण असतं?" कमलेशनं विचारलं.

शनिवारी आठ वाजता प्राप्ती प्रयोगशाळा उघडते. नऊपर्यंत ती एकटीच असते.

३

तिला वाचवायला गेलो आणि दोरी मीच आणून दिली. कमलेशनं कागदाचा फोटो काढला, पोलिसांना दाखवायला.

प्राप्ती मागच्या दारी पायरीवर बसली होती.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"तू उघडलास?"

"नाही."

"मग झालं."

"कसं झालं? कागदावर लिहिलंय ना. मामंजी ऐकतील तर काय म्हणतील? पोलीस दारात आले तर डबा सापडो न सापडो, माझं घराबाहेर पडणं संपलं." तिनं डोळे पुसले. "आणि इथल्या लोकांना काय, कामाला दुसरी मुलगी मिळेल."

मी उठलो. पाचला अजून सात तास होते. पोलीस नाही, अधिकार नाही. पण तिघांना विचारायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मॅडम वरच्या खोलीत होत्या. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर खिळा आहे आणि त्यावर त्यांची चावी. ती तिथंच होती.

"शनिवारी आठला मी माझ्या राहत्या खोलीवर होते," त्या वैतागून म्हणाल्या. "नऊला आले. शुक्रवारी दहा ते एक लाईट नव्हती ना, सगळी कामं तुंबली होती. ती उरकली. पावणेअकरा ते साडेअकरा त्या कंपनीबरोबर व्हिडिओ कॉल. गच्चीवर उन्हात बसून, कारण या इमारतीत नेटवर्क तिथं एकाच कोपऱ्यात येतं. समोर सहा माणसं आणि मी डोक्यावर ओढणी धरून बसलेय. यासाठी प्राध्यापकी सोडायची म्हणते मी!"

"सोडायची? सोडली नाही का?"

"रजेवर आहे. दोन वर्षांत परत रुजू झालं तर जागा राहते. उद्या शेवटचा दिवस." त्यांनी कपाळ दाबलं. "काका, मला आत्ता त्याचं सुचत नाहीये."

"आणि प्राप्तीचं?"

"कागद खोटं बोलतो का?" त्या हळूच म्हणाल्या.

कमलेश खाली मोटारीत एसी लावून फोनवर बोलत होता. काच खाली केली.

"काका, मी तर सॅटरडेला मुंबईत. संध्याकाळी मांडव्याला उतरलो, आठ वाजता इथं. बोटीचं तिकीट दाखवू?"

"दाखव."

त्यानं चिडून दाखवलं. दुपारी चारची बोट. खरं होतं.

"तुम्ही पण ना काका, इमोशनल आहात. ती गावची आहे म्हणून."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू तिच्या हातचा डबा किती वेळा खाल्लास?"

त्यानं काच वर केली.

शिवदास सर ओट्यावर चहा पीत होते. मला बसायला सांगितलं. चांगले वागतात ते सगळ्यांशी.

"शनिवारी आठ वाजता? आठ वाजता मी दिघीला, बहिणीच्या घरी. ती देवपूजेत आणि मी तिच्यासमोर. तिनं माळ घातल्यापासून त्या घरात सूर्य उगवतो तो अभंगानं, आणि जेवायला रोज वाल. मासळीचा वासही चालत नाही तिला." ते हसले. "साडेदहाच्या फेरीनं इथं आलो. अकराला तर मी आणि कल्पिता वरच्या खोलीत कागद बघत बसलो होतो. बाराच्या फेरीनं परत. तेव्हा आठच्या वेळेचा माझा काही उपयोग नाही तुम्हाला, दत्तात्रेय."

"नाही खरं," मी म्हणालो.

तिघांची आठ वाजताची जागा पक्की होती. प्राप्तीचीही पक्की होती, आणि तीच नको होती.

४

एक वाजता मी घरी गेलो, कागद बरोबर घेऊन. कमलेशला फोटो पुरला होता, कागद कुणाला नको होता.

भात लावला. आठ महिन्यांत मला भात जमलेला नाही. कधी गोळा, कधी कच्चा. सगुणा असती तर पहिल्या मिनिटाला काहीतरी साधं विचारलं असतं, आणि मी चिडलो असतो, आणि तिचंच बरोबर निघालं असतं. मी कागद समोर धरला आणि ती काय विचारेल ते बघू लागलो.

ती विचारेल: यात तुझं स्वतःचं काय आहे?

माझं होतं शुक्रवारचं. दर शुक्रवारी बरोबर चार वाजता मी प्राप्तीकडून चावी घेऊन फ्रीझर उघडतो आणि दाराच्या रबरावर धरलेला बर्फ पुसून काढतो. चारच्या चहाआधी. कधी चुकवत नाही.

कागदावर चारला काही नव्हतं. उंचवटा होता एक वाजता.

शुक्रवारी एक वाजता मी याच जागी बसून असाच गिचका भात खात होतो.

मग प्राप्तीचा उंचवटा बघितला. तिनं डबा ठेवला साडेपाचला. मॅडम साक्षीला. कागदावर अडीच. शेवटी आजचा. आज सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे फ्रीझरसमोर उभे होतो. कागद म्हणत होता सकाळी सहा.

दोन डॉक्टर, एक प्राध्यापक आणि एक मेकॅनिक. चौघांनी कागद बघितला. सगळ्यांचं लक्ष शनिवारवर. स्वतः उघडलेलं दार कुणी बघितलं नाही.

शुक्रवारी दहाच्या रेघेवर शाईचा जाड ठिपका होता. तिथं पेन बराच वेळ एका जागी उभं होतं. दहा ते एक लाईट नव्हती. फ्रीझर जनरेटरवर चालू राहिला, कारण तो मी जनरेटरच्या लाइनवर घेतलेला. पण कागद फिरवणारं यंत्र वेगळ्या प्लगवर आहे, भिंतीवरच्या साध्या बोर्डावर. ते तीन तास थांबलं आणि लाईट आल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं निघालं. त्यानंतरची प्रत्येक वेळ तीन तास मागे. ती जोडणी कोणी केली होती? मीच.

स्वतःला चार शिव्या घातल्या. भात तसाच ठेवला.

शनिवारी फ्रीझर आठला उघडला नव्हता. अकराला उघडला होता.

५

साडेतीनला मी सगळ्यांना खाली बोलावलं. कमलेश मोटारीची किल्ली बोटात फिरवत आला. प्राप्ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसायला तयार नव्हती.

मी कागद ठेवला आणि ठिपका दाखवला, मग माझा उंचवटा, मग आजचा. मॅडमना अर्ध्यातच कळलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"म्हणजे अकरा," त्या म्हणाल्या.

"अकरा. आणि शनिवारी अकरा वाजता प्राप्ती कुठं होती ते मला विचारा. माझ्यासमोर, जेट्टीवर. दिघीहून टेम्पो आला होता, आम्ही दोघं डिस्टिल्ड वॉटरचे कॅन उतरवत होतो. पाऊण तास. पाठ अजून दुखतेय."

प्राप्तीनं एकदम श्वास सोडला. कमलेशनं किल्ली फिरवायची थांबवली.

"मी मुंबईत होतो," तो म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? मॅडम गच्चीवर होत्या, सहा माणसं त्यांना बघत होती. वरची खोली रिकामी, चावी खिळ्यावर." मी सरांकडे वळलो. "सर, सकाळी मी तुम्हाला आठ वाजताचं विचारलं. फक्त आठचं. तुम्ही मला अकराचं सांगितलंत. का?"

सर म्हणाले, "बोलण्याच्या ओघात माणूस सांगतो."

"सांगतो. पण तुम्ही म्हणालात, अकराला मॅडमबरोबर वरच्या खोलीत कागद बघत होतो."

"सर, मी कॉलवर होते," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही आलात ते मला साडेअकरानंतर दिसलात."

"वेळेत थोडी गल्लत झाली असेल. माझं वय बघ."

"मग सुरमईचं सांगा," मी म्हणालो.

"कसली सुरमई?"

"काल माझ्याकडून बर्फ नेलात, मासळीसाठी. बहिणीच्या घरात मासळीचा वास चालत नाही, हे तुम्हीच आज बोललात. तेही सोडा. मासळी कुठं वाटेत खाल्ली असेल म्हणू. पण तुम्ही मीठ मागितलंत. खडे मीठ. मी बर्फ कारखान्यातला माणूस आहे, सर. या जेट्टीवर चाळीस वर्षं मासळी बर्फात भरताना बघतोय. बर्फात मीठ कोणी घालत नाही, मासळी कडक होऊन वाया जाते. मीठ घालतात ते बर्फ नुसत्या बर्फापेक्षा खूप जास्त थंड करायला. बर्फाच्या लाद्या आम्ही खाऱ्या पाण्यातच धरायचो. तुम्हाला थर्मासमध्ये काहीतरी मासळीपेक्षा फार जास्त गार ठेवायचं होतं. आणि मूर्ख मी, ओंजळ भरून दिलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारल्यावर करत असतील तसं.

"कुप्या सुखरूप आहेत," ते म्हणाले.

६

"का?" मॅडमनी विचारलं. एवढंच.

"उद्या तुझा शेवटचा दिवस आहे. उद्या रुजू झाली नाहीस, तर ते पद रद्द होणार, आणि मग विभागात उरतं कोण? त्या पदासाठी मी अकरा वर्षं भांडलोय, कल्पिता. तू म्हणालीस, बियाणे कंपनी काय म्हणते त्यावर ठरवेन. मी म्हटलं, त्यांचं येणंच पुढं गेलं तर तू परत येशील. नंतर डबा मी विभागातल्या फ्रीझरमध्ये ठेवून तुला सांगितलं असतं, की सापडला. तुझं कामही वाचलं असतं आणि जागाही."

"आणि प्राप्ती?"

"हे तिच्यावर जाईल असं मला वाटलं नव्हतं."

"सकाळी गेलं ना पण! तुम्ही समोर बसला होतात. चहा पीत होतात."

"पाचच्या आत मी सांगणारच होतो."

हे ऐकून मला हसू की ओरडू तेच कळेना. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं या माणसानं.

कमलेश मध्ये पडला. "ओके, ओके. सर आहेत आपले. घरातली गोष्ट. बाहेर नको जायला, उद्या परवा कंपनीवाले येतील, नाव खराब होईल. सर, रिलॅक्स. प्राप्ती, जरा सगळ्यांना चहा..."

"माझ्या वेळी पोलीस," प्राप्ती म्हणाली, "आणि सरांच्या वेळी चहा?"

ती भिंतीपासून पुढं आली.

"माझी पिशवी तुम्ही उलटी केलीत. रिकामे कॅन न्यायला आलेला माणूस खिडकीतून बघत होता. आत्तापर्यंत ते गावात गेलं असेल. मला माफी नको. मला लिहून हवं. काय झालं, कोणी केलं, मी केलं नाही. तिघांच्या सह्या."

"करतो ना," कमलेशनं लॅपटॉप ओढला. "ड्राफ्ट बनवतो. टू हूम सो एव्हर..."

"मराठीत," प्राप्ती म्हणाली. "मामंजींना कळेल असं."

सरांनी कागद मागितला. स्वतःच्या हातानं लिहिला. अक्षर सुंदर होतं, पण पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, "काही गैरसमजातून". मी म्हटलं, गैरसमज कसला, तुम्ही चावी घेतलीत, डबा नेलात, तेवढंच लिहा. त्यांनी खोडलं. प्राप्ती म्हणाली, खाडाखोड नको, नवा कागद घ्या. त्यांनी नवा कागद घेतला.

मग मी, मॅडम आणि सर फेरीबोटीनं दिघीला गेलो. दिघी जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, मी उद्या रुजू होणार नाहीये. डबा मिळाला नसता तरी झाले नसते. हे तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर एवढं करावं लागलं नसतं."

बोट लागायच्या आधीच सर उठून पुढं जाऊन उभे राहिले.

बहिणीच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात थर्मास होता, मिठाच्या बर्फात डबा, डब्यात बारा कुप्या. बहिणीला वाटत होतं भावाचं औषध आहे. जिवाणू जगले की मेले हे बघून कळत नाही. प्लेटवर वाढवावे लागतात, दोन दिवस जातात. मॅडमनी बोटीवरूनच बियाणे कंपनीला गुरुवारी या म्हणून कळवलं. सर दिघीलाच थांबले. आम्ही त्यांना थांबा किंवा चला, काहीच म्हणालो नाही.

७

परत आलो तेव्हा अजून उजेड होता. कमलेश आणि प्राप्ती जेट्टीवर उभे होते, दोघांत चार हातांचं अंतर. डबा फ्रीझरमध्ये ठेवला आणि आम्ही चौघं कमलेशच्या मोटारीनं भागोजीकडे गेलो. कमलेश म्हणाला, मी गाडीत थांबतो.

भागोजी अंगणात बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं, अर्धं खरं आणि अर्धं वाढवलेलं. त्याची बायको केसर दारात उभी राहिली. प्राप्ती सरळ आत गेली नाही, अंगणातच थांबली.

"या दत्ताभाऊ," भागोजी म्हणाला. "वैनीनं शब्द दिलेला. मी काय बोलत न्हाय. पन पोरीची झडती घेतली म्हनं?"

"घेतली," मी म्हणालो. "चुकीची घेतली. हे वाच."

त्यानं कागद लांब धरून बघितला. "ह्ये बारीक अक्षर मला न्हाय लागत. कोनी लिवलाय?"

"ज्यांनी डबा नेला त्यांनीच," मॅडम म्हणाल्या. "मोठे प्राध्यापक आहेत. माझे गुरू. मी वाचून दाखवते. आणि भागोजीकाका, सकाळी मी गप्प बसले. ते माझं चुकलं."

"तुमी न्हाय वाचायचा." भागोजी मोटारीकडे बघत होता. "त्यो गाडीत कोन बसलाय?"

"कमलेश."

"झडती त्यानं घेतली?"

"हो."

"मग त्याला बोलवा. त्यो वाचंल."

कमलेश आला. शेजारच्या अंगणातून दोन बायका कुंपणाशी आल्या. समोरच्या ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. कमलेशनं कागद घेतला. मुलुंडला वाढलेला माणूस, मराठी बोलतो, पण वाचायला गेला की अडखळतो.

"मी, शिवदास... खाली सही करणार... करणारा, असं लिहून देतो की, शनिवारी सकाळी अकरा वाजता मी... मी स्वतः..."

"मोठ्यानं," भागोजी म्हणाला.

"मी स्वतः चावी घेऊन फ्रीझरमधला डबा नेला. या कामात प्राप्तीचा..." तो थांबला.

"कसलाही," प्राप्तीनं शेजारून सांगितलं.

"कसलाही हात नव्हता. तिच्यावर घेतलेला..."

"संशय."

"संशय खोटा होता. तिची झडती घेणं ही आमची चूक होती." त्यानं खालच्या तीन सह्या वाचल्या, आपलं नाव शेवटी. मान खाली होती आणि कान लाल झाले होते.

केसरनं पदर तोंडाला लावला. भागोजीनं कागद परत घेतला नाही. त्यानं प्राप्तीकडे एकदा बघितलं.

"उद्या किती वाजता जायचाय हिला?"

"आठला," मॅडम म्हणाल्या. "प्लेटा तिनंच करायच्या आहेत. दुसऱ्या कुणाला तशा जमत नाहीत."

"जाईल." मग तो कमलेशकडे वळला आणि बोटानं रस्त्यापलीकडची घरं दाखवली. "तिकडं ऐकायला न्हाय गेला. परत वाचा."

कमलेशनं पहिल्यापासून परत वाचलं.